फिनिशिंग सर

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी लाल छपराचं घर आणि आकाशात आडव्या पडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी. या चित्राची सरांना शिसारी यायची. उभ्या नोकरीत त्यांनी ते इतक्यांदा पाहिलं होतं, की शाळेच्या सहलीत खराखुरा डोंगर समोर आला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

तरुणपणी त्यांना चित्रकार व्हायचं होतं. वडील म्हणाले, "रंगांनी पोट भरत नाही. सरकारी शाळेत चिकट." चिकटले. मग कळलं, की शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणजे पडेल ते काम. मुख्याध्यापकांच्या दारावरची पाटी त्यांनीच रंगवायची, टाकीवर 'पाणी जपून वापरा' त्यांनीच लिहायचं. टाकीत पाणी असतं तर गोष्ट वेगळी. एकदा वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून मुतारीच्या भिंतीवर कमळं काढायचा हुकूम आला. आत नाक दाबल्याशिवाय पाऊल टाकवत नव्हतं, आणि बाहेर सर पाकळ्यांना गुलाबी छटा देत बसले होते. साहेब कमळं बघून खूश झाले. आत कोण कशाला जातंय!

पण खरी घाण निराळीच होती. दरवर्षी विभागाच्या प्रदर्शनाला मुलांची चित्रं जायची आणि बक्षिसं मिळवायची तर मास्तरांनी त्यांवर 'हात फिरवायचा', ही सगळ्याच शाळांची रीत. मुलाची रेघ वाकडी असली तर सरळ करायची, रिकामं आकाश भरायचं, माणसांच्या तोंडावर हसू काढायचं. सरांचा हात असा काही बसला होता, की इतर शाळांतले मास्तर त्यांना 'फिनिशिंग सर' म्हणत. ते नाव त्यांना शिवीसारखं लागायचं. तरी दर वर्षी ते ब्रश बुडवायचेच.

"अहो, जेवताना तरी तोंड सरळ ठेवा," बायको म्हणायची. "तुमच्याकडे बघून माझी भूक मरते."

"सगळी चोरी आहे गं ती."

"मग करू नका."

"न करून सांगतो कुणाला? बक्षीस नाही आलं तर मुख्याध्यापक वर्षभर डोकं खातील."

"मग करा आणि गुमान जेवा," ती म्हणायची. 

निवृत्तीच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने चित्र आणून दिलं. शेवटच्या बाकावर बसणारी, अबोल पोर. तिची आई कापडगिरणीत रात्रपाळी करायची. चित्रात ती आई जमिनीवर आडवी झोपली होती, बघणाऱ्याकडे पाय करून. समोर दोन मोठे थोरले तळवे, भेगाळलेले, काळपट. त्यामागे लुगड्याचा ढीग आणि पार टोकाला, सुपारीएवढी हनुवटी. सर कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांनी हे कुणालाच शिकवलं नव्हतं. पोरीने नुसतं बघितलं होतं आणि काढलं होतं. जाताजाता एक तरी चित्र असंच्या असं, हात न लावता पाठवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मुख्याध्यापकांनी नाक मुरडलं. "पाय? प्रदर्शनाला पाय पाठवायचे? सर, जरा हात फिरवा. चेहरा काढा, मागे काहीतरी निसर्ग टाका."

"या चित्राला माझा ब्रश लागणार नाही," सर म्हणाले. "लावायचाच असेल तर यापुढे मुतारी तुम्ही रंगवा."

असं ते कधी बोलले नव्हते. मुख्याध्यापकांनी चित्र तसंच सरांच्या हातात परत दिलं. त्या रात्री सर पोटभर जेवले आणि बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून मागे नाव घालायचं होतं, म्हणून सरांनी ते मुलीकडे घरी दिलं होतं. प्रदर्शनाच्या सकाळी तिने ते आणून समोर धरलं.

तळवे गुळगुळीत झाले होते. त्यांवर छटा होती, तीच, कमळाची गुलाबी. आईचं डोकं उशीवर उचललं गेलं होतं आणि ती हसत होती. मागे दोन डोंगर होते. मधून सूर्य उगवत होता.

"हे काय केलंस गं?"

"सर, तुम्ही सगळ्यांच्या चित्रांवर हात फिरवलात, माझ्याच नाही. मला वाटलं, तुम्हाला वेळ मिळाला नसेल. म्हणून मीच फिरवला." तिने विचारलं, "तुमच्यासारखं जमलंय ना?"

जमलं होतं. पक्ष्यांसकट. पेरलं तेच उगवलं होतं, पोरीला काय बोलणार? दुसरं चित्र काढायला वेळ नव्हता. सरांनी ते उचललं आणि पाठवलं.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस देताना परीक्षकांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "मागे मुलीचं नाव घाला नाहीतर आणखी कुणाचं. फिनिशिंग सर, तुमचा हात काही लपत नाही!"

"या चित्राला मी ब्रश लावलेला नाही," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत त्या सभागृहात ते पहिल्यांदाच खरं बोलले होते. सगळे मास्तर पोट धरधरून हसले.