लाइनसाहेबांचा पंखा

समस्त केडगावकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या गावात एका माणसाने पंखा सुरू केला. हसू नका. हा पंखा बशीएवढाही नव्हता, लॅपटॉपच्या पोटात होता, आणि तो सुरू करायला त्या गृहस्थांचा अख्खा उन्हाळा गेला.

गृहस्थ म्हणजे आमचे लाइनसाहेब. टेलिफोन खात्यात खांबांवर चढून लाइनी जोडण्यात जन्म घालवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा अजित अमेरिकेत. नोकरी सुटली तरी एक सवय सुटली नव्हती. बोलता बोलता मध्येच उठायचे, रिसीव्हर कानाला लावायचे, आतला ‘टूंऽऽ’ ऐकायचे आणि समाधानाने म्हणायचे, “जिवंत आहे.” फोन मात्र वाजायचा रविवारी. तोही वाजला तर.

अजितने आपला जुना लॅपटॉप त्यांना पाठवला. चालू केला की त्याचा पंखा दिवसभर घरघरायचा. मी तेव्हा नगरला कॉम्प्युटर क्लास चालवायचो. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी मोठ्या हौसेने त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं, आणि पंखा गप्प झाला. मी खूश, साहेब बेचैन.

“मास्तर, हा बोलत का नाही?”

“मशीन तापलं की लागेल आपोआप.”

“तापायची वाट कशाला बघायची?”

शोध घेता घेता कळलं की परदेशातल्या कुणी अनोळखी माणसाने पंखा हवा तेव्हा चालवता यावा यासाठी ड्रायव्हर लिहिला आहे. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. आपण टाइप केलेला हुकूम पंख्याला, पडद्याच्या उजेडाला त्यांच्या भाषेत सांगणारा. मग नगरच्या सायबर कॅफेतून तो फ्लॉपीवर आणायचा, आपल्या मशीनला जुळवायचा, नाही जुळला की पुन्हा एसटीने नगर. साहेब याला ‘खांबावर चढणं’ म्हणत.

एकदा त्यांनी उजेडापुढे शून्य टाकलं. पडदा काळाठिक्कर! वीज गेली असं समजून साहेबांनी शेजारी मेणबत्ती लावली. दूध घालायला आलेल्या शांताबाई दारातूनच ओरडल्या, “आवं सायेब, डोक्यावर बल्ब जळतोय की! मेनबत्ती कुनाला ववाळाया?”

शेवटी एका दुपारी साहेबांनी पंख्यापुढे एक टाइप केलं आणि एंटर दाबलं. घर्रर्र! साहेबांनी लॅपटॉपला कान लावला. “जिवंत आहे.”

शून्य टाकलं की बंद, एक टाकलं की चालू. हा खेळ त्यांनी मला दाखवला, शांताबाईंना दाखवला, पोस्टमनलाही सोडलं नाही. शेवट मात्र दर वेळी ‘चालू’वरच. “गिरनी हाय का काय ही? लई वरडती,” शांताबाई म्हणायच्या. साहेब नुसते हसायचे.

दिवाळीत अजित आला. बापाने लॅपटॉप पुढे ठेवून सगळी कथा साभिनय सांगितली. मी शेजारी चकल्या खात होतो.

“बाबा, हे तुम्ही केलंत?” अजित खरोखरच चकित झाला होता. मग इकडच्या तिकडच्या गप्पा निघाल्या. उद्या संध्याकाळी निघायचंय, असं तो म्हणाला, आणि बोलण्यात घरघर नको म्हणून त्याने सहज हात लांबवून बापाचाच हुकूम टाइप केला. शून्य.

घर एकदम गप्प झालं. साहेब उठले, फोनपाशी गेले. रिसीव्हरवर हात ठेवला, पण उचलला नाही. तसेच वळले आणि जरा मोठ्यानेच बोलून गेले,

“अरे, तू उद्या जाणारच आहेस, त्याला तरी राहू दे की घरात!”