माझ्या नावावरची उचल

संगी,

शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या पोटात घाल. अक्षर तर कोंबडीच्या पायांसारखं आहेच. चौथीनंतर मी पेन धरलं ते फक्त सही करायला. फोनवर मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. राग आला की घसा बसतो. परवा तू विचारलंस, ताई, बारावीनंतर नर्सिंगला जाऊ का, आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल ताईला आवडलं नाही. तसं नाही. पाड्यावर सगळ्यांनी तुला सांगितलंय की मी नाशिकची नोकरी अर्ध्यात टाकून पळाले. आधी त्याचं ऐक, मग नर्सिंगचं बोलू. आणि वाचून झालं की फाडून टाक. बाच्या हाती देऊ नको.

मी निघाले तेव्हा तू आश्रमशाळेत होतीस. दिवाळी झाली होती. फाट्यावर काशिनाथ मुकादमाची जीप उभी होती आणि निम्मा पाडा तिच्यात चढत होता. सगळे दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या बागांत चालले होते. मी एकटी दवाखान्यात. बागेच्या शेठची सून डॉक्टर, तिचा गंगापूर रोडच्या आत बाळंतपणाचा दवाखाना. तिला घरच्यासारखी राबणारी बाई पाहिजे होती. मी सासर सोडून आलेली, घरात जड झालेली. दादाच्या लग्नाला पैसे पाहिजे होते. बाने मुकादमाकडून माझ्या नावावर चाळीस हजार उचल घेतली. मला विचारलं नाही. आईने फडक्यात नागलीच्या भाकरी बांधल्या आणि म्हणाली, "उलट बोलू नको." बा म्हणाला, "उचल घेतली की पाय मागं घ्यायचा नाय. आपल्यात कोणी घेतला नाय." जीप हलली तेव्हा तो दादाशी मांडवाचं बोलत होता.

दवाखान्यात पहिल्या दिवशी झाडू दिला. महिनाभरात आकाशी ड्रेस दिला आणि केस जाळीत बांधायला सांगितले. मॅडम म्हणाल्या, "कुणी विचारलं तर सिस्टर म्हणायचं. चौथी-बिवथी बोलायचं नाही." मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आवडलंही. आरशात मी उपकेंद्राच्या सिस्टरसारखी दिसत होते.

त्या सिस्टर तुला आठवणार नाहीत. तू झालीस तेव्हा त्या चिखल तुडवत आपल्या घरी आल्या होत्या. मी दाराशी बसले होते. आई पहिला पिवळा चीक पिळून चुलीजवळच्या राखेत टाकत होती, कारण तिच्या आईने तसंच केलं होतं, आणि तुला गुळाचं पाणी द्यायला काकी वाटी घेऊन बसली होती. सिस्टरने वाटी उचलून अंगणात ओतली. म्हणाल्या, "सोनं राखेत टाकतेस, आणि वर मलाच कडू तोंड दाखवतेस." आई रडली, भांडली, पण तुला पदराखाली घेतलं. तुझ्या आधीच्या आम्हा तिघांना चीक मिळाला नव्हता. त्यातले मी आणि दादा राहिलो, एक गेला. त्यामुळेच गेला असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण तू कशी चुटूचुटू ओढत होतीस ते मी बघितलं, आणि ते माझ्या डोक्यात बसलं. मी शाळेत शिकले त्यापेक्षा ते पक्कं बसलं.

आता दवाखान्याचं ऐक. भिंतीवर सरकारी चित्र लावलेलं, बाळाला तासाभरात अंगावर पाजा. त्याच चित्राखाली दुधाच्या पावडरचे डबे रचलेले. बाळ झालं की उचलून आतल्या खोलीत न्यायचं, बाटलीने पाजायचं आणि नातेवाइकांना खालच्या मेडिकलमध्ये डबा आणायला पाठवायचं. मेडिकल मॅडमच्या दिरांचं. बाई विचारायची, माझं बाळ आणा ना. तेव्हा सांगायचं, "तुम्हाला अजून दूध आलेलं नाही." हे वाक्य सांगायचं काम माझं. मॅडम स्वतः सांगत नव्हत्या. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या बायकांना तर मुद्दाम मलाच पुढं करायच्या. आपल्या माणसाने सांगितलं की बाई गप्प बसते, हे त्यांना बरोबर समजलं होतं.

आई अडाणी होती म्हणून तिने चीक राखेत टाकला. या बाईने भिंतभर पदव्या लावल्या आणि तेच केलं, वर बिल लावलं. मला आईचा राग येत नाही. हिचा अजून येतो.

तिथे खऱ्या शिकलेल्या एकच सिस्टर होत्या, मनमाडच्या पगारे सिस्टर. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. मी एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, हे बरोबर आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि सलाईन लावत राहिल्या.

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"बोलले होते पहिल्या दवाखान्यात. म्हणून तर दुसऱ्यात आले. आता फ्लॅटचा हप्ता आहे, पोराचा क्लास आहे. इथे भांडले तर चार डॉक्टरांत फोन फिरतो, बाई तापट आहे म्हणून." मग हसल्या. "तुझं बरं आहे. तुझं नावच कुठं नाही. तुला कोण काढणार?"

"मला काढता येत नाही, तर मला ठेवलंय कशाला?"

"स्वस्त आहेस म्हणून. घे, ही बाटली धर सरळ."

त्या सरकारी भरतीची वाट बघत होत्या. नाहीतर कुठल्या कॉलेजात शिकवायला जाईन म्हणायच्या. त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही अडलेल्या. माझ्यासमोर एकही नव्हती, पण ते मला अजून कळलं नव्हतं.

मग ती हरसूलकडची पोर आली. तुझ्याएवढीच असेल. पहिलं बाळंतपण, पोट फाडून केलेलं. बाळ आतल्या खोलीत रडत होतं, तिचं पोलकं दुधाने ओलं झालं होतं, आणि मला जाऊन सांगायचं होतं की तुला दूध आलेलं नाही. मी सांगितलं. तिने पोलक्याचा ओला काठ मुठीत धरला. म्हणाली, "ताई, तू आमच्याकडचीच ना गं? मग हे ओलं कशानं झालं, ते तरी सांग."

मी आत गेले, बाळ उचललं, तिच्या कुशीत दिलं. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाजूला उशी लावली. बाळाने दोन वेळा तोंड चुकवलं, मग धरलं. तिचा नवरा डबा घेऊन वर आला होता, मजुरीच्या पैशातून घेतलेला. मी म्हटलं, "परत करून या." तो गेला आणि मेडिकलवाल्याशी भांडला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, मग माझं का नाही? तिचंही आणून दिलं.

मॅडमने केबिनमध्ये बोलावलं. "तू नर्स आहेस?"

"नाही."

"मग नर्ससारखी वागू नकोस."

बाहेर पेशंटसमोर मी सिस्टर आणि केबिनमध्ये मी चौथी पास. मी खाली बघून म्हटलं, "मला जायचंय." इतकंच बोलता आलं. खूप बोलायचं होतं.

त्या म्हणाल्या, "जा ना. चाळीस हजार ठेव आणि जा."

संगी, मी तिथे दोन दिवाळ्या काढल्या होत्या. हातात जेमतेम खर्चाला पैसे मिळायचे. मला वाटायचं, पगारातले बाकीचे पैसे उचलीत वळते होतात. बागेत तसंच असतं. हंगामभर राबायचं, मजुरीतून उचल कापली जाते, हंगाम संपला की फिटली. कुणी कागद करत नाही, कुणी विचारत नाही. दवाखान्याला हंगाम नसतो हे माझ्या लक्षात आलं नाही. पगार तेवढाच होता, त्यातून काही कापलंच नव्हतं. उचल जशीच्या तशी. मी विचारायला पाहिजे होतं. आपल्यात कोण विचारतं? उचलीचं विचारलं की माणूस पळणारा ठरतो.

तरीही मी निघाले. ड्रेस घडी करून ठेवला आणि पेठ नाक्यावर येऊन बसले. घरी जायची जीप समोर उभी होती. जीपमध्ये बसायच्या आधी बाला फोन केला. तो म्हणाला, "उचल घेऊन मधेच पळते? मला पाड्यात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली." मी दुधाचं सांगितलं. "ते डॉक्टरीणबाईचं काम, तुला काय करायचं?" मग आवाज खाली करून म्हणाला, "मुकादम म्हणतो, मोठी नाय तर धाकटी पाठवा. दहावी होतेय, चांगली शिकंल तिथं."

तू तेव्हा दहावीची परीक्षा देत होतीस. तुला हे कुणी सांगितलं नसेल. बागेत एक माणूस पडला की त्याच्या घरातला दुसरा उभा राहतो, तो हिशेब. मी म्हटलं, "संगीला शाळेतून काढू नको. पैसे मी भरते." बा हसला. "कुठनं भरशील?"

मी जीपमध्ये बसले नाही. त्या दिवशी बसले असते तर आज तू आकाशी ड्रेसात "दूध आलेलं नाही" सांगत असतीस.

पेठ रोडलाच एका खोलीत दोघींबरोबर राहायला लागले आणि काम शोधलं. दुसऱ्या दोन दवाखान्यांत विचारलं, तिथेही तसाच ड्रेस आणि तसेच डबे. आशाताईचं काम करावं वाटलं, तर त्याला शिक्षण पाहिजे. एका ब्युरोने म्हातारी माणसं सांभाळायला पाठवलं. तिथल्या बाबांना रोज झोपेची गोळी द्यायची, का, तर ते हाका मारतात. डॉक्टरने दिलीय का विचारलं, तर सून म्हणाली, "तुला देता येत नसेल तर दुसरी बाई येईल." दुसरी आली. एक बाई म्हणाली सटाण्याला कांदा निवडायला चल. तेही चाललं असतं. कांद्याला कुणी खोटं सांगत नाही. पण मला बाळं सोडवत नव्हती.

शेवटी पगारे सिस्टरनीच एक घर दिलं. बाळ-बाळंतिणीची मालिश आणि आंघोळ. म्हणाल्या, "पैसे रोख घे आणि तोंड बंद ठेव." रोख घेतले. तोंड पहिल्याच घरात उघडलं. आजी म्हणाल्या, बाळाच्या कानात तेलाचे दोन थेंब घाल. मी म्हटलं, नाही घालत.

"आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या घालतात. कुणी बहिरं नाही झालं."

मग माझं "नाही" ऐकू आलं असेल, असं मी मनात म्हटलं. तोंडाने पुन्हा तेवढंच, "नाही घालत." ते घर गेलं. दुसरं पण गेलं. तिसऱ्या घरातल्या मुलीला दूध पाजता येत नव्हतं, बाळ सारखं सुटायचं. मी तिच्याजवळ बसले, बाळाची हनुवटी कशी टेकवायची ते दाखवलं. तिने तिच्या मैत्रिणीला सांगितलं. असं करत घरं वाढली. दुखलं, ताप आला की मी हात लावत नाही, सांगते, डॉक्टरकडे जा. मी सिस्टर म्हणून घेत नाही. कुणी म्हटलं तर सांगते, मी मालिशवाली. वॉचमन कामवाल्यांच्या लिफ्टने पाठवतो, तिने जाते. त्या लिफ्टचा मला राग येतो. पण तिथे माझ्या तोंडी कुणी खोटं वाक्य देत नाही.

आईची आठवण येते. नागली इथे मॉलमध्ये छान पाकिटात मिळते, एवढी महाग की मी हात लावून ठेवून देते. पाड्यावर येते तेव्हा काकी म्हणते, "आली का नाशिकवाली." इथे शेजारीण म्हणते, पेठवाली. पूर्वी मला वाटायचं, जिथे आईची चूल ते घर. आता तसं वाटत नाही. त्या चुलीपुढे बसून माझ्यावर पैसे घेतले होते. आता जिथे मला न विचारता माझ्या नावावर कुणी काही उचलू शकत नाही, ते माझं घर. सध्या ती पत्र्याची खोली आहे, आणि तिथे तुझ्यासाठी एक कोपरा मी रिकामा ठेवलाय.

नर्सिंगला जा. पूर्ण शीक, परीक्षा दे, नाव रजिस्टरात लाव. पगारे सिस्टर अडकल्या त्या हप्त्यात, शिक्षणात नाही. फी कमी पडली तर मला सांग, बाला नाही, आणि मुकादमाला तर मुळीच नाही. कुणी तुला "दूध आलेलं नाही" म्हणायला सांगितलं तर म्हणू नको. तुझ्यावर उचल नसेल तर तुला नाही म्हणता येईल. मला तेवढंच बघायचंय.

गेल्या रविवारी मी पाड्यावर आले होते. तू वसतिगृहात होतीस म्हणून तुला दिसले नाही. मुकादम नव्या हंगामाची उचल वाटायला आला होता, मारुतीच्या पारावर सगळे बसले होते. मी वर्षभर उचल हप्त्याहप्त्याने फेडत होते, शेवटचा हप्ता राहिला होता. मी इतक्या पुरुषांपुढे कधी गेले नव्हते. गेले. नोटा त्याच्यापुढे ठेवल्या. तो म्हणाला, "राहू दे बाई, तुझ्या बाला नवी उचल पायजे, त्यातच धरू."

"मोजा," मी म्हटलं.

त्याने मोजल्या. खिशात घातल्या आणि दुसऱ्याशी बोलायला लागला. मी तिथून हलले नाही. "फिटली ते सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा," मी म्हटलं. घसा बसला होता, तरी आवाज निघाला. बा खाली बघत होता. मुकादमाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "फिटली. पुरी फिटली. हिच्या नावावर आता काय नाय."