दातार सर हद्दपार झाले त्याची गोष्ट

कसबा पेठेतल्या नासिर बांगडीवाल्यांची बिलकिस बी.ए.ला इतिहास घेऊन बसली, तेव्हा १९७३ साल होतं. ग्रीकांची नावं तिच्या डोक्यात राहीनात, म्हणून ती त्यांची गाणी करायची. ‘पेरिक्लीस अन् थेमिस्टोक्लीस, तिसरी त्यांची बहीण बिलकिस.’ हे तिनं चाचणी परीक्षेतही लिहिलं.

इतिहास शिकवणारे गोपाळकृष्ण दातार नासिरभाईंच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहत. पेपर परत देताना ते म्हणाले, “आपल्या भावांकडे चौकशी केली. दोघेही बहीण असल्याचं नाकारतात.” आणि शून्य दिलं.

बिलकिसला राग आला नाही, दुसरं गाणं सुचलं. अथेन्सचे लोक नकोशा माणसाचं नाव खापरीवर खरडत. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. नळावर हंडा भरताना ती गुणगुणली:

नाव ज्याचं खापरीवर,
हद्दपार तो हडपसर.

“हे बरं हाय की,” अर्थ विचारून घेत भाजीवाली बायडाबाई म्हणाली. दातार सर रोज गॅलरीतून तिची आरोळी सुधारत: ‘भाजी हाय’ नव्हे, ‘भाजी आहे’. न्हाव्याच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घही त्यांनी खडूनं दुरुस्त केले होते.

रविवारी गल्लीनं कुंभाराकडून फुटक्या माठांचे तुकडे आणले. मतदान झालं. टोपली उलटी केली, तर जिकडेतिकडे दातार. काही खापऱ्यांवर ‘दातर’ होतं. ते सरांनी स्वतः खाली येऊन दुरुस्त केलं.

बिलकिस त्यांच्या आडवी आली. “सर, गंमत होती. तुम्ही जाऊ नका.”

“गंमत कशी? रीतसर मतदान झालंय. शिवाय अथेन्समध्ये फालतू माणसाला कोणी हद्दपार करत नसे.” आनंद त्यांना लपवता येत नव्हता. संध्याकाळी ट्रंक घेऊन ते हडपसरच्या बसमध्ये बसले. खोली सांभाळायचं नासिरभाईंनी कबूल केलं.

पावसाळा सरला आणि गल्लीत एक माकड शिरलं. त्यानं बायडाबाईची भाजीची पाटी उलथवली, न्हाव्याचा आरसा पळवला आणि सरांच्या खोलीत मुक्काम ठोकला. सगळे हुसकावून दमले. तेव्हा बिलकिसला आठवलं, की इराणी बादशहा चालून आला तेव्हा अथेन्सनं हद्दपार माणसांना परत बोलावलं होतं. ती अब्बांना घेऊन हडपसरला गेली.

“शत्रू कोण?” सरांनी विचारलं.

“माकड, सर.”

“फौज किती?”

“एकटंच आहे.”

सर जरा हिरमुसले, पण ट्रंक भरली.

खोलीत शिरून ते माकडाला म्हणाले, “आपण चुकीच्या ठिकाणी बसला आहात.” माकडानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, आरसा त्यांच्या हाती दिला आणि कौलांवरून निघून गेलं. शिक्षा अर्धवट राहिली याची चुटपुट सरांना पुढे कित्येक दिवस होती.

बिलकिस बी.ए. दुसऱ्या वर्गात पास झाली आणि मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेत शिकवू लागली. तिचा वर्ग रोमन बादशहांची नावं तालासुरात म्हणू लागला, तशी मुख्याध्यापकांनी कुरकुर सुरू केली. दातार सर स्वतः त्यांना भेटायला गेले.

“मुलांना इतिहास येत नाही का?”

“येतो हो. थांबवता येत नाही.”

“त्याला इलाज नाही,” सर म्हणाले, आणि चहा घेऊन घरी आले.