दस्ता मी सांधला नव्हता

नायलॉनला रेझिन धरत नाही. हे मी त्या दोन महिन्यांत कितीदा म्हणालो, आणि दर वेळी किती हळू म्हणालो, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. जोरात म्हणालो असतो तर एका माणसाच्या भुवईला टाके पडले नसते आणि मालवणच्या बंदरावर मला कुणी अडाणी ठरवलं नसतं.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. रस्त्याच्या कामावर टोळीबरोबर इकडं आलो, काम संपलं, टोळी परत गेली आणि मी तापाने पडून राहिलो. तेव्हा मेस्त्रींनी मला त्यांच्या शेडमध्ये आणून टाकलं. त्यांच्या घरून आठ दिवस पेज आली. बरा झालो तसं त्यांनी ग्राइंडर हातात दिला. मेस्त्री फुटलेल्या फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. काचेच्या धाग्यांची कापडासारखी मॅट कशी अंथरायची, तिच्यात वाळून दगड होणारं रेझिन कसं जिरवायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. नाणं घेऊन होडीच्या पोटावर टकटक करत जायचं. भरीव असेल तिथं आवाज टणक येतो, आतला थर सुटला असेल तिथं बद्द. हा कानही त्यांनीच दिला. नऊ वर्षं झाली. हे उपकार मी विसरलेलो नाही. पण त्या उपकारांमुळेच मला हळू बोलायची सवय लागली. मेस्त्री एखादी दुपार गप्प बसले तरी मला वाटायचं, आता हे मला जायला सांगणार.

यंदा पावसाळ्यात एक अख्खी होडी माझ्या एकट्याच्या हातात द्यायचं मेस्त्रींनी कबूल केलं होतं. बाजारात मासे विकणाऱ्या एका काकींची होडी, तळाचं सगळं काम. तोवर मी कायम मेस्त्रींच्या हाताखाली. मी फोन करून आईला सांगूनही टाकलं. आईने गल्लीभर सांगितलं असणार.

त्याच्या आधी, ऐन आंब्याच्या दिवसांत, एक बागवाले बंदूक घेऊन शेडवर आले. मुंबईची नोकरी संपवून कुणकेश्वरच्या बाजूला स्वतःच्या बागेत राहायला आलेले गृहस्थ. बंदूक छर्ऱ्याची, साधी, स्प्रिंगच्या जोरावर चालणारी. त्यांनी झाडांना पत्र्याचे तुकडे टांगले होते. पडवीत बसून पत्र्यावर नेम धरायचा, खण्णकन आवाज झाला की माकडं पळतात. माकडाला छर्रा लागू द्यायचा नाही, एवढं ते पाळायचे. नेम लांबचा, म्हणून वर भलीमोठी दुर्बीण आधीच चढवलेली. आता त्यांना खाली दोन पायांचा लोखंडी स्टँड हवा होता, बाजूला टॉर्च, आणि मागं खांद्याकडं छर्ऱ्यांची डबी.

मी बंदूक हातात घेतली. नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो तो दस्ता काळ्या प्लास्टिकचा, इतका हलका की जत्रेतलं खेळणं वाटावं. सवयीने खिशातलं नाणं काढलं आणि वाजवून पाहिलं. पुढून मागपर्यंत बद्द. आत नुसती पोकळी आणि दोन-चार पातळ फासळ्या. घोड्याच्या मागं, जिथं आपण मूठ वळतो, तिथं मान सगळ्यात बारीक. मी मेस्त्रींना आणि बागवाल्यांना दोघांनाही सांगितलं, की दस्त्याची ही पातळ भिंत फक्त ह्या बंदुकीच्या वजनापुरती बनवलेली आहे. पुढं लोखंड लटकवलं आणि त्यावर रेलून बार काढला, तर स्प्रिंगचा प्रत्येक झटका ह्या मानेवर येणार. स्टँडचा स्क्रू पातळ भिंतीत टिकणार नाही, त्याला आत भरीव काहीतरी पाहिजे. सगळं हवंच असेल तर लाकडी दस्ता करून घ्या.

बागवाले हसले. "इंजिनेर खंय शिकलंस रे?"

मेस्त्रीही हसले. बागवाल्यांचं हसणं मी विसरलोय.

मेस्त्रींनी भोकं पाडली, वायसर घालून स्क्रू आवळले. पंधरा दिवसांत स्टँड भिंतीचा लचका घेऊन बाहेर आला आणि मानेवर केसासारखी चीर पडली. बागवाले परत आले. तेव्हा मेस्त्री म्हणाले, फायबर मारूया.

इथं बंदरावर काहीही फुटलं की पहिला विचार फायबरचा. पाण्याची टाकी, न्हाणीघराचं दार, मोटरसायकलचं मडगार्ड, एकदा तर तुळशीचं वृंदावन. आणि ते टिकतंही, कारण लाकडाला, सिमेंटला, जुन्या फायबरला रेझिन घट्ट धरतं. सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, की समुद्र झेलतं ते काहीही झेलेल. मी त्या निघालेल्या तुकड्याची कड काडीने पेटवली. ती वितळून थेंब थेंब गळायला लागली. फायबर असं गळत नाही, काळा धूर सोडत जळतं. मी ते मेस्त्रींना दाखवलं. म्हणालो, हे नायलॉनसारखं काहीतरी आहे, ह्याला रेझिन धरणार नाही, वरून नुसती साल बसेल.

"अरे, आमी होडये दर्यात उभे करतो," मेस्त्री म्हणाले. "ह्या बंदुकेचा काय घेवन बसलंस?"

दुसऱ्या दिवशी द्यायची घाई, म्हणून त्यांनी रेझिन लवकर सुकवणारा हार्डनर जास्त घातला. रेझिन इतकं तापलं की हात लावेना, आणि खालची पातळ भिंत आतल्या बाजूला किंचित वाकली. तेही मी दाखवलं. त्यांनी मॅटचे तीन थर चढवले, घासून गुळगुळीत केलं. काम सुंदर दिसत होतं, हे मी नाकारत नाही. वर काळा रंग मी मारला. मला माहीत होतं आत काय आहे, तरी मारला. त्याचा राग माझा माझ्यावरच आहे आणि तो कुणाला वाटून देता येत नाही.

त्या सालीमुळे मान आणखी जड झाली, आणि वर परत दुर्बीण, टॉर्च, स्टँड सगळंच. एका दुपारी बागवाले स्टँडवर छाती टेकून नेम धरत होते. बार काढला आणि दस्त्याची मान तुटली. फायबरची साल सापाच्या कातीसारखी अख्खी सरकून आली, बंदूक उलटी उसळली आणि दुर्बिणीची कडा भुवईवर बसली. दोन बोटं खाली बसती तर डोळा गेला असता.

कपाळाला पट्टी बांधून ते बंदरावर आले, नेमके मासळीच्या लिलावाच्या वेळी. मी तिथं नव्हतो. चहाच्या टपरीवाल्याने मला सांगितलं, तेही हसत हसत, चहा गाळता गाळता. बागवाल्यांनी चारचौघांत विचारलं आणि मेस्त्री म्हणाले, "माझ्या माणसान केल्यान. नवीन आसा, घाटावरसून इलेलो."

नवीन. नऊ वर्षांनी मी नवीन.

मग सुरू झालं. टपरीवर गेलो की, इले बंदूकवाले. जाळी विणणारे विचारायचे, आमच्या होडीला पण दुर्बीण लावतोस का? मी हसायचो. काय करणार? शेडमध्ये येऊन ग्राइंडर चालू करायचो, त्या आवाजात तोंडाला येईल ते बोलायचो, ऐकू कुणालाच जायचं नाही. दुपारी मेस्त्रींच्या घरून डबा यायचा आणि मी तो खायचो. ज्याचं अन्न खातो त्याच्यावर इतकं संतापायचं कसं, हेच कळत नव्हतं. मेस्त्रींना विचारलं नाही. त्यांनी विषय काढला नाही. बागवाल्यांनी शेडच्या कोपऱ्यात भिरकावलेले दस्त्याचे तुकडे आणि ती साल मात्र मी उचलून ठेवली.

पाऊस लागला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि काकी शेडवर आल्या. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, हातात रिकामी पाटी. माझ्याकडं बघितलंही नाही.

"मेस्त्री, माझी होडी तू स्वता कर. ह्या घाट्याक हात लावूक देव नको. माझो झिल त्या होडयेतसून दर्यात जाता."

मला त्यांचा राग आला नाही. ज्याच्या पोराला त्या तळावर उभं राहायचंय त्याने असंच बोलावं. मी मेस्त्रींकडं पाहत होतो. ते रेझिनची बादली खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बरा."

त्या एका शब्दासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी ती फायबरची साल आणून काकींच्या पाटीत ठेवली. आतली बाजू वर केली. काचेसारखी गुळगुळीत, काळ्या प्लास्टिकचा एक कण चिकटलेला नव्हता. "काकी, हा दस्ता मी सांधला नव्हता," मी म्हणालो. "मेस्त्रींनी सांधला. हे धरणार नाही, असं मी कितीदा सांगितलं होतं." आवाज चिरकला होता आणि तो किती मोठा झालाय ते मला नंतर कळलं, कारण बाहेर रस्त्यावरचे दोघं थांबले.

काकींनी सालीवरून अंगठा फिरवला. मग मेस्त्रींकडं पाहिलं.

मेस्त्री मला म्हणाले, "माका येकट्याक सांगूचा होता."

"एकट्यालाच सांगितलं होतं."

"शिरा पडली तुझ्या तोंडार, मेस्त्री," काकींनी शिवी हासडली. "केल्यान कोणी ता सांग."

"मिया केलंय," मेस्त्री म्हणाले, बादली ठेवली आणि भर पावसात छत्री न घेता घरी गेले.

काकी लगेच खूश झाल्या असं नाही. मला म्हणाल्या, "मगे तूच कर. पण मिया हंयच बसतलंय." आणि खरोखर तीन दिवस पाटी उलटी करून तिच्यावर बसल्या. इथं का घासलंस, तिथं मॅट कमी का, हा बुडबुडा कसला, सगळं विचारलं. एक हातभर पट्टा मला उखडून परत घालायला लावला. पट्टा चांगला होता. मी उखडला. ह्या बाईला माझ्याकडून उत्तर हवं होतं, आणि उत्तर द्यायला मला बरं वाटत होतं.

मेस्त्रींनी बंदरावर जाऊन काही सांगितलं नाही. बागवाल्यांनाही नाही. टपरीवर मला अजून बंदूकवाला म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मेस्त्री आले. होडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, मग माझा जास्तीचा रोलर उचलला आणि दुसऱ्या बाजूने मॅट दाबायला लागले, जणू काही झालंच नव्हतं. त्यांचा हात किती सफाईने फिरतो ते मी नऊ वर्षं पाहत आलोय. ह्यांनी जा म्हटलं तर आज संध्याकाळी मी कुठं जाणार, हेही डोक्यात येऊन गेलं.

"मेस्त्री," मी म्हणालो, "ती बाजू पण माझीच आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. काकींनी पान चावायचं थांबवलं. मेस्त्रींनी रोलर बादलीच्या काठावर ठेवला, हात पुसले आणि दाराशी जाऊन उभे राहिले, गेले नाहीत. रेझिन घट्ट व्हायला लागलं होतं, म्हणून मी रोलर उचलला आणि त्या बाजूला गेलो.