फोनांची परडी

ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठशाळेत एक खोली आहे, जिच्यात फोन लागत नाही. त्या खोलीच्या दाराशी कालिंदी बसते. आतली शांतता तिच्या नवऱ्याची, म्हणजे विश्वेशगुरुजींची, आणि बाहेरचा कलकलाट हिचा. ही वाटणी कुणी ठरवून केली नाही. घरातली बरीच कामं बाईच्या गळ्यात पडतात, तशी हीही पडली.

त्या खोलीचं मूळ मोठं लाजिरवाणं आहे. काही वर्षांपूर्वी परीक्षेत दाढीमिशा फुटलेला एक विद्यार्थी असा घडाघडा म्हणायला लागला की परीक्षकांच्या माना डोलू लागल्या. मग मध्येच तो अडला आणि हळूच म्हणाला, "भइया, आवाज कट रही है." कानात हरभऱ्याएवढं यंत्र होतं आणि पलीकडे त्याचा मित्र पोथी उघडून बसला होता. वेद कानाने ऐकून शिकायचे हे खरं, पण ऐन परीक्षेत नव्हे! गुरुजींना त्या दिवशी अन्न गेलं नाही.

तेव्हा विद्यापीठात नोकरीला असलेला त्यांचा पुतण्या निनाद मदतीला आला. "काका, सिग्नल अडवायचं यंत्र लावायला सरकारची परवानगी लागते. भिंतीत जाळी घालायला कोणाची लागत नाही." त्याने चारी भिंतींत, छतात आणि फरशीखाली तांब्याची बारीक जाळी घालून घेतली, दाराला आतून पत्रा ठोकला. दार लावलं की फोन मुका. परीक्षाच नव्हे, मग पारायणंही त्याच खोलीत व्हायला लागली.

आत जाण्याआधी सगळे आपापले फोन कालिंदीच्या परडीत टाकत. पूर्वी ती त्या परडीत फुलं आणायची. फोन बंद करून ठेवा म्हटलं तर ऐकतील ते वैदिक कसले!

"काकू, कोणाचा जरूरी फोन आला तर?"

तर तो काकूंनी घ्यायचा. भाजी चिरता चिरता, तांदूळ निवडता निवडता तिचं चालूच असे, "गुरुजी पाठ में बैठे हैं, बोलिए." कुणाला मुहूर्त हवा, कुणाची बायको रुसलेली, कुणाची आई दवाखान्यात. ज्याचं त्याचं दुःख आधी हिच्या कानावर पडायचं. पाठ संपला की पुरुषमंडळी न्हाऊन निघाल्यासारखी बाहेर येत आणि म्हणत, "काय प्रसन्न वाटलं!" अशा वेळी तिला त्यांचा राग यायचा. खरा, पोटातून यायचा. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते संध्याकाळपर्यंत उरत नसे.

या माघात लखनौच्या एका यजमानाचं पारायण चाललं होतं. समाप्तीच्या आदल्या दिवशी कालिंदीच्या भावाचा, सुमंतचा वाईहून फोन आला. त्यांचे वडील, आप्पा, महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते.

"ताई, आप्पांचं काही खरं नाही. पाणीसुद्धा उतरत नाही गं."

समाप्तीनंतरचं विमानाचं तिकीट निनादने काढून ठेवलेलंच होतं, ते तिने सुमंतला सांगितलं. रात्री वाढताना तिने नवऱ्याला सांगितलं. गुरुजींचा घास हातातच राहिला. आप्पांवर त्यांचा जीव होता. ते म्हणाले, "पारायण सुरू झालंय, त्यामुळे मला सुतक लागत नाही. पण अगं, तू..." आणि पुढे बोललेच नाहीत.

बोलायची गरजही नव्हती. आईबाप गेल्याचं सासरी गेलेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक असतं, आणि ते कानावर पडलं की लागतं. कानावर पडलं नाही तोवर ती सोवळ्यात स्वयंपाक करू शकते. दुसऱ्या दिवशी समाप्तीचं जेवण होतं, आणि मदतीची बाई माघस्नानाला प्रयागला गेली होती. फोन घेऊ नकोस असं गुरुजी म्हणाले नाहीत. पण ती काय समजायचं ते समजली.

सकाळी पुरण शिजत असताना परडीतून तिचा फोन वाजला. सुमंतचा. तिचा हात अर्ध्यावर थांबला. झालं, तीच बातमी! उचलला तर चुलीवरचं सगळं वाया, यजमानाची समाप्ती अडलेली, इतकी माणसं उपाशी. पण खरं सांगायचं तर त्या घडीला तिला यजमानाचं काही पडलं नव्हतं. ऐकत नाही तोवर आप्पा आहेत, एवढंच तिच्या मनात होतं. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा.

तिने पुरण खाली उतरवलं, हात पुसले आणि खोलीचं दार लोटून आत गेली. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत नुसती बसायला म्हणून कधी गेली नव्हती. गुरुजींनी नजर उचलून पाहिलं, पाठ चालूच ठेवला. ती भिंतीला टेकून बसली. मंत्रांखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्यापाशी कुणी काही मागत नव्हतं. आपल्याला इथे बरं वाटतंय याची तिला शरम वाटली, आणि त्या शरमेतच तिला चक्क डुलकी लागली.

जेवणं उरकली. पुरण उत्तम झालंय असं सगळे म्हणाले. शेवटची पंगत उठल्यावर तिने हात धुतले आणि भावाला फोन लावला.

"गेले ना रे आप्पा?"

"मघाशी गेले, ताई. तुमची जेवणं व्हायची वाट बघत होतो, मग कळवणार होतो."

"मग सकाळी कशाला लावत होतास?"

सुमंतला रडू फुटलं. "सकाळी आप्पा चांगले शुद्धीवर आले होते. कालिंदीशी बोलायचंय म्हणाले. मी फोन त्यांच्या कानाला धरला होता. वाजून थांबला की खुणेने सांगायचे, पुन्हा लाव. ताई, ती बातमी असती तर मी समाप्तीच्या आधी तुला फोन केला असता का? मलाही कळतं गं तेवढं."

खरंच होतं. तोही त्याच घरात वाढलेला. सुतकाची बातमी जेवणाआधी देऊ नये हे आप्पांनीच दोघांना शिकवलं होतं, आणि नेमकं तेच तिला सकाळी सुचलं नव्हतं.

"काही म्हणाले का?"

"शेवटी म्हणाले, राहू दे, कामात असेल पोर."

ती ओसरीवर वेगळी जाऊन बसली. खोलीतली मंडळी आपापले फोन घेऊन गेली, परडी रिकामी झाली. गुरुजी आले आणि सुतकाचं अंतर राखून उभे राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"दमलीयस," ते म्हणाले. "आत कोणी नाही. खोलीत जाऊन पड थोडी. दार लावून घेतो, कोणी त्रास देणार नाही."

कालिंदीने फोन दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"नको," ती म्हणाली. "आत फोन लागत नाही."