बिनरिंगचं इंजिन

"सर, गंडवलं की तुम्हाला," बाबूराव मिस्त्री म्हणाले. "पिस्टनला रिंगच न्हाय! पर काळजी करू नगासा. मी घातली."

मी त्यांच्या वर्कशॉपातल्या स्टुलावर बसलो. शुक्रवारची संध्याकाळ होती आणि विमान रविवारी उडवायचं होतं.

तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. एअरोमॉडेलिंग क्लबही माझ्याकडे होता. मुलं बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची छोटी विमानं बनवत. रेडिओवर उडणारं विमान मात्र आमच्याकडे नव्हतं.

"संस्थेच्या चेअरमनना एक उडवून दाखवा," प्रिन्सिपॉल म्हणाले होते. "नाहीतर क्लबची खोली स्टोअरला जाणार. आणि नवीन मागू नका. सेकंडहँड बघा."

कोडोलीच्या आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. नोकरी प्रिन्सिपॉलनी दिलेली. त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

महिनाभर सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने हिंडलो. शेवटी शिरोळला एका रिटायर्ड इंजिनिअरांच्या माळ्यावर विमान सापडलं. ट्रान्समीटर, म्हणजे हातात धरायचा एरियलचा डबा, सोबत होता. रेंज मुद्दाम कमी करायला एरियल आत ढकलून मी पन्नास पावलं लांब गेलो आणि दांडी हलवली. विमानाची शेपटी हलली. रेडिओ ठीक होता.

"इंजिन जाम आहे," ते म्हणाले. "भंगाराच्या भावात न्या."

असं जुनं इंजिन बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. त्याच्या इंधनात एरंडेल असतं. ते वर्षानुवर्षं सुकून लाखेसारखं चिकटतं. गरम केलं की सुटतं. मी त्यांना तसं सांगितलंही. ते हसले. "मग सोडवा की. भाव तोच."

इथवर माझं काही चुकलं नव्हतं. चूक गुरुवारी झाली. दिवसभर प्रॅक्टिकल्स घेऊन मी थकलो होतो. इंजिन बाबूरावांच्या हातात ठेवलं आणि म्हणालो, "जरा बघा."

आमच्याकडे मिस्त्रीला 'जरा बघा' म्हटलं की तो नुसता बघत नाही. बाबूरावांनी आयुष्यभर शेतपंपांची ऑइल इंजिनं बांधली होती. त्यांनी इंजिन गरम केलं, खोललं, आणि पिस्टनला खाच पाडून स्वतः केलेली रिंग बसवली.

"बाबूराव, याला रिंग नसतेच," मी म्हणालो. "पिस्टनच सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. म्हणून दाब राहतो."

मी इंजिनाचा पंखा बोटाने फिरवला. दाब असता तर एका जागी तो अडला असता. तो गरगर फिरला.

बाबूरावांनीही एकदा फिरवून बघितला. "तोंडानं सांगायचं हुतं की, सर."

"हो. सांगायला हवं होतं."

"सकाळी या. हात रिकामे ठेवून या."

सकाळी त्यांनी लेथवर बिडाचा नवा पिस्टन काढून ठेवला होता. तो पॉलिशची पावडर लावून सिलिंडरमध्ये घासायचा होता. कमी घासला तर अडकणार, जास्त घासला तर ढिला. दिवसभर आम्ही आळीपाळीने घासत होतो. बाबूराव एकदाच बोलले, "इवलंसं हाय, पर खोड म्हशीची हाय."

रविवारी इंजिन चोविसाव्या झटक्याला सुरू झालं. विमान उडालं. मैदानावर चार फेऱ्या झाल्या. मग पिस्टन तापला, दाब गेला आणि इंजिन बंद पडलं. मी विमान तरंगवत गवतात आणलं. एक चाक निघून बाबूरावांच्या पायापाशी आलं.

"पडलं काय ओ?" चेअरमननी विचारलं.

"लँडिंग, साहेब," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"झकास! खोली राहू दे त्यांची. पुढच्या वर्षी दोन उडवूया. नवीन घ्यायचं का एक?"

"कशाला, साहेब? सेकंडहँड मिळतात. आमचे सर शोधतात."

मला आनंद व्हायला हवा होता. खांदे इतके दुखत होते की मी नुसती मान हलवली.

पुढे मी बरीच जुनी इंजिनं घेतली आणि सगळी बाबूरावांकडेच नेली. फक्त प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधायला लागलो. काय दुरुस्त करायचं, ते तिच्यात नसे. कशाला हात लावायचा नाही, तेवढंच असे.