कय्यूम मिस्त्रीची खुंटी

खामगावच्या आमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वीज आली ती लढाई सुरू झाली त्या साली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे मोठा साहेब म्हटला की तो नागपूरहूनच यायचा. मी शेषराव, त्या जिनाचा हजेरी कारकून. चार बुकं शिकलो म्हणून लिहिताना सरळ लिहितो, पण ही गोष्ट निघाली की डोकं फिरते आन् जीभ घरच्या वळणावर जाते. तेवढं चालवून घ्या. कय्यूम मिस्त्रीबद्दल कोणी तरी लिहायला पाहिजे, आणि ज्यानं एकदा त्याच्याविरुद्ध लिहिलं त्यानंच ते लिहिलेलं बरं.

मिस्त्रीचं दुकान जिनाच्या फाटकासमोर होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक भाता आणि एक ऐरण. आधी तो जलंब स्टेशनावर रेल्वेच्या डब्यांची दारं दुरुस्त करायचा. अंगानं वाळलेला, बोलणं कमी. कोणी काही मोडकं घेऊन आलं तर आधी हातात घेऊन उलटंपालटं करायचा, मग विचारायचा, "हे वापरते कोण?" घरधनीण वापरते की पोरं वापरतात, ओल्या हातानं की कोरड्या, हे कळल्याशिवाय तो हातोडी उचलत नसे. लोक वैतागायचे. मीही वैतागायचो.

वाफेचं इंजिन होतं तेव्हा इंजिनपाशी दिवसभर एक माणूस बसलेला असायचा. कोण्या बाईचा पदर यंत्रात गेला तर बाया ओरडायच्या आणि तो वाफ बंद करायचा. मोटर आली आणि तो माणूस घरी बसवला. आता सगळं चालू-बंद व्हायचं भिंतीवरच्या लोखंडी कपाटातून. आत मोठा दांडा, तांब्याच्या पट्ट्या, फ्यूज. कपाट आलं, पण दाराला बंद करायची सोय काहीच नव्हती, नुसती दोन भोकं. म्यानेजर वामनरावांनी मिस्त्रीला बोलावून सांगितलं, "याला काहीतरी बसवून टाक."

दुसऱ्या कोणी कडी ठोकून दिली असती. मिस्त्रीनं पंधरा दिवस लावले. एका फळीवर त्यानं तीन प्रकार बसवले: साधा कडीकोयंडा, स्प्रिंगचा खटका, आणि रेल्वेच्या डब्याला असते तशी चौकोनी खुंटी. ती फळी यंत्रांच्या रांगेपाशी भिंतीला टांगून ठेवली. जिनाची भिंत दिवसभर थरथरते आणि कापसाचा कीस हवेत उडत असतो, तो सगळीकडे बसतो. आठ दिवसांनी कडी वाजून वाजून निसटली होती. स्प्रिंगच्या खटक्यात कीस आणि तेल मिळून असा लगदा झाला होता की तो आत गेला तर बाहेर येईना. खुंटी मात्र होती तशी.

मला बोलावून त्यानं ती दाखवली. "पाह्य शेषराव, कुलपाचं भोक बाहेर असते, म्हणून त्यात घाण जाते. इथं भोक चावीत हाये, बाहेर निसती खुंटी. फडक्यानं पुसली का साफ. चावी बसवली, पाव फेरा दिला, दार उघडलं. आन् बंद करताना आतला दांता दार आवळून घेते. कडेले नमदा, दाबल्या लोकरीची पट्टी, लावतो, म्हणजे कीस आत जाऊन ठिणगीनं पेटणार नाई."

"मग निसती मूठच काऊन नाई लावत?" मी विचारलं.

"मुठीनं उघडलं तर कोणीबी हात घालून आत मरीन. कुलूप लावलं तर कोणी बाहेर मरीन. म्हणून खुंटी. आन् चावी दर रांगेत एक, बायांपाशी."

सात रांगा, सात चाव्या, आणि आठवी माझ्या हजेरीच्या मेजावर. त्यानं त्या घडवूनही आणल्या. वामनरावांनी चाव्या हातात घेऊन हसून पाहिलं. "बायकांच्या हाती चावी? दम खायचा असला की मोटर बंद करतील. आणि फ्यूजची तार चोरीला गेली तर कुणाला धरू?" त्यांनी बाजारातून मुठीएवढं पितळी कुलूप आणवलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "मुकाट्यानं कोयंडा ठोक." एकच चावी. ती त्यांच्या जानव्याला.

मिस्त्रीनं कोयंडा ठोकला. पोट सगळ्यांनाच आहे. पण जाताना त्यानं विचारलंच, "साहेब, तुम्ही जेवाले जाता तवा?"

मग आला पुढच्या हंगामाचा मुहूर्त. आमच्याकडे हंगाम सुरू करताना यंत्रांची पूजा होते. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, नारळ, आणि मग पहिला कापूस घालायचा. त्या वर्षी नवीन देव म्हणजे ते कपाट. तेलात कालवलेलं कुंकू ताटात होतं. वामनरावांनी पहिलं बोट कुलपाला लावलं, नेमकं किल्लीच्या भोकावर. साहेबानं लावलं म्हणून मग जिनातल्या सगळ्यांनी तिथंच लावलं. मीही लावलं. दीडशे माणसांचं कुंकू त्या भोकात गेलं, वरून अक्षता. फाटकातून मिस्त्री पाहत होता. पुढं येऊन म्हणाला, "पुसून घ्या हो ते." कोणी तरी खेकसलं, "पूजेचं पुसतात का?" तो मागं झाला. मुसलमान माणूस, हिंदूच्या पूजेत बोलला, एवढंच लोकांनी पाहिलं. तो काय बोलला ते कोणी ऐकलं नाही. मले आजही त्याचा संताप येते, आन् त्यात मी स्वतः आलो.

पूजा झाली तेव्हा कुंकू ओलं होतं, म्हणून कुलूप उघडलं आणि मोटर चालू झाली. त्यानंतर महिनाभर ती बंदच केली नाही, दोन पाळ्या चालल्या. कुलूप उघडायचं कामच पडलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी दुसऱ्या रांगेतल्या मनकर्णाबाईचा हात यंत्रानं ओढला. ती सुटाळ्याहून रोज पायी यायची, नवरा वारलेला, घरी दोन पोरी. तिच्या ओरडण्यानं सगळं जिन उभं राहिलं, यंत्रं सोडून. यंत्रांना कोण सांगणार. कोणी बांबूनं पट्टा उतरवायला गेलं, तर बांबू मोडला. वामनराव जेवायला घरी गेले होते. मी पळालो. त्यांना पानावरून उठवलं, किल्ली घेतली, पळत आलो. किल्ली भोकात अर्धी गेली आणि अडकली. कुंकू, तेल, तांदूळ, कीस, सगळं मिळून दगड झालं होतं. मी किल्ली फिरवत होतो आणि मागं बाई ओरडत होती. मग तिचं ओरडणं थांबलं, ते जास्त वाईट होतं.

मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन आला. मला खांद्यानं बाजूला केलं. स्वतः ठोकलेला कोयंडा त्यानं चार घावांत तोडला आणि दांडा खाली ओढला.

मनकर्णाबाई वाचली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

संध्याकाळी वामनरावांनी मला समोर बसवून मजकूर सांगितला: कपाटाला कुलूप बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हयगयीमुळे ते वेळेवर उघडलं नाही, आणि त्यानंच जिनाच्या मालाची मोडतोड केली. मी लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. माझा हात साबूत होता ना, दहाही बोटं.

तो कागद वर गेला आणि नागपूरहून तपासणीचा साहेब येणार असं कळलं. तेव्हा वामनरावांची धावपळ पाहण्यासारखी होती. ज्याची हयगय लिहिली त्याच मिस्त्रीला बोलावलं आणि म्हणाले, "तुझी ती खुंटी बसवून दे, लौकर." लाज वाटावी ना माणसाला? मिस्त्री आला. त्या कागदाचं त्याला कळलं होतं, मीच सांगितलं होतं. खुंटी बसवली, नमदा लावला, सात रांगांत चाव्या वाटल्या, आठवी मला दिली, आणि रांगेरांगेत जाऊन प्रत्येक बाईकडून तीनतीनदा दार उघडवून घेतलं. हात बांधलेली मनकर्णाबाई हजेरीपाशी बसून होती. तिला त्यानं डाव्या हातानं उघडायला लावलं. "डाव्यानं जमलं म्हणजे कोणालेबी जमते," एवढंच म्हणाला.

साहेब आला, खुंटी पाहिली, चावी फिरवली, खूश झाला. "ही कल्पना कोणाची?" त्यानं विचारलं. वामनराव म्हणाले, "आमच्या जिनाची व्यवस्था आहे." मी शेजारीच उभा होतो. मी तेव्हाही गप्प बसलो.

साहेबाची गाडी जलंबच्या पुढं गेली नसेल, तोच वामनरावांनी मला ताट दिलं. "बायकांकडच्या चाव्या जमा करून आण. माझ्या मेजात राहतील, कुलपात."

ताटही तेच होतं, पूजेचं. मी ते घेऊन निघालो. पहिल्या रांगेतली चावी आली. दुसऱ्या रांगेत मनकर्णाबाई होती, कामावर परत आली त्याला चारच दिवस झाले होते. चावी तिनं पदराच्या टोकाला बांधली होती. मी ताट पुढं केलं. तिनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"साहेबाले सांगा बाप्पा," ती म्हणाली, "माहे दोन बोटं आधी ह्या ताटात आणून ठेवा. मंग चावी घेऊन जा."

आवाज चढवला नाही तिनं. पहिल्या रांगेतली बाई मागून आली, ताटातली आपली चावी उचलली आणि जागेवर जाऊन बसली. पुढच्या रांगांत मी गेलोच नाही.

रिकामं ताट वामनरावांच्या मेजावर ठेवलं आणि बाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "आणि तुझ्याकडची?" त्यांनी विचारलं.

ती माझ्या खिशात होती. "ते बी नाई," मी म्हटलं, आणि हजेरी घ्यायला गेलो.